अंगठ्याचं मत

ड्रॉवर आवरताना गाणी ऐकायचा जुना प्लेअर हाताला लागला. टेबलावर ठेवला तर डगडगायला लागला. सपाट पाठीची वस्तू सपाट टेबलावर डगडगते म्हणजे दोघांपैकी एकाचं बिनसलेलं असणार. टेबल तर ठीक होतं. प्लेअर उलटा केला. पाठ मधोमध फुगलेली, कडेचं झाकण नखभर उचललेलं, आणि फटीतून आतली रुपेरी पिशवी दिसत होती. बॅटरी फुगली होती.

लिथियमच्या बॅटऱ्यांचं हे असंच. वापरा किंवा वापरू नका, त्यांचं वय होत राहतं. आतल्या द्रवाचं हळूहळू विघटन होतं, वायू साठतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. पूर्ण चार्ज करून बाजूला टाकली की हे आणखी लवकर होतं; ठेवायचीच तर निम्म्या चार्जवर, थंड जागी ठेवावी. मी बरोबर उलटं केलं होतं. कधीही लागेल म्हणून शंभर टक्के भरून ठेवला, वर चार वह्या रचल्या आणि विसरून गेले. आता त्याला टोचायचं नाही, दाबायचं नाही, चार्जरच्या आसपास न्यायचं नाही, एवढं मला माहीत होतं. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायला वेगळा काढला. देण्याआधी सहज उजव्या कडेवर अंगठा ठेवला. वरून दुसरं बटण, किंचित खोलगट: पुढचं गाणं. शोधावं लागलं नाही. त्याचा स्क्रीन कसा होता, मेन्यूत काय काय होतं, यातलं मला काही धड सांगता आलं नसतं. बटण मात्र लक्षात होतं, तेही माझ्या नाही, अंगठ्याच्या.

ही गोष्ट मी तेव्हाच मनावर घेतली असती तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

"मावशी, नवा प्लेअर कशाला, फोन आहे की तुझ्याकडे," भाचा म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. आवाजाच्या बाबतीत तर पूर्णच बरोबर. चांगल्या फोनमधून येणाऱ्या आवाजाला नावं ठेवायला जागा उरलेली नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून इअरफोनचं भोक गेलं, मग एकेक करत इतर कंपन्यांनीही ते बुजवलं, आणि फोनच्या चार्जिंगच्या भोकात खोचून इअरफोन जोडायचे करंगळीएवढे डॉंगल आले. त्यांतले साधेसुधे डॉंगलही आपलं काम चोख करतात. फोन नको म्हणताना आवाजाचं कारण पुढे केलं असतं तर तो शुद्ध खोटेपणा झाला असता.

माझं कारण निराळं होतं. फोनवर गाणं ऐकणं म्हणजे उंबऱ्यात बसून ऐकणं. येणारा-जाणारा काहीतरी विचारून जातो. सूर लागतोय तेवढ्यात टिंग होतं, गाणं क्षणभर खाली दबतं, पुन्हा वर येतं. तेवढा क्षण मला पुरतो विस्कटायला. नोटिफिकेशन बंद करता येतात, विमानाचं चिन्ह दाबता येतं, हे भाच्याने दाखवलं आणि मी करूनही पाहिलं. पण गाणं बदलायला फोन बाहेर काढला की स्क्रीन उजळतो, आणि एकदा तो उजळला की माझा मला भरवसा नाही. गाणं बदलायला काढलेला फोन वीस मिनिटांनी खिशात परत जातो. गाणं बदलायचं राहूनच गेलेलं असतं.

"म्हणजे प्रॉब्लेम फोनचा नाही, तुझा आहे."

हो, माझाच. पण स्वतःला बदलण्यापेक्षा नवा प्लेअर घेणं सोपं, असा मी हिशोब केला. तो चुकला असं अजून तरी वाटत नाही.

खिशात मावणारा डिजिटल प्लेअर ही काही फार जुनी वस्तू नाही. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन एफ१० आला. त्यात ३२ एमबी जागा होती. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट खाणाऱ्या, एमपीथ्रीला मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो, म्हणजे सगळा मिळून अर्धा तास. त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडियाचा रिओ पीएमपी३०० निघाला, तोही ३२ एमबीचाच, आणि लगेच रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्याच्यावर खटला भरला. १९९९ मध्ये अपिलात निकाल लागला तो प्लेअरच्या बाजूने. आपल्याकडचं गाणं कॉम्प्युटरवरून उचलून खिशात नेलं तर त्यात काही गैर नाही, असं कोर्टाने मानलं. मग २००१ च्या ऑक्टोबरमध्ये पाच जीबीचा आयपॉड आला, खिशात हजार गाणी असं सांगत. २०२२ च्या मे महिन्यात त्या घराण्यातला उरलेला शेवटचा, आयपॉड टच, बंद झाला. तेव्हा मला वाटलं होतं, की ही जात आता संपली.

शोधायला बसले तर प्लेअर ढिगाने निघाले. मधले तेवढे नाहीसे झाले होते. एका टोकाला काडेपेटीएवढे, प्लास्टिकचे, दोन बोटांत मावणारे. दुसऱ्या टोकाला धातूच्या विटा: अँड्रॉइडवर चालणाऱ्या, दोन-तीन प्रकारच्या जॅकच्या, हातात धरल्या की मनगटाला कळेल इतक्या जड. पहिल्यांची माहिती चार ओळींत संपायची. दुसऱ्यांची वाचता वाचता रात्र व्हायची.

मी कोष्टक केलं. कोष्टक केलं की आपण फार विचारी आहोत असं वाटतं. अकरा प्लेअर, चौदा रकाने.

पहिला रकाना डॅकचा, म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या चिपचा. यात घराणी आहेत: ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक. एकाचा आवाज म्हणे कोरडा आणि टोकदार, दुसऱ्याचा मखमली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिपा मिळेनाशा झाल्या आणि कित्येक कंपन्यांना आपली यंत्रं दुसऱ्या घराण्यावर बेतावी लागली. ही हकिगत वाचून मला जरा शहाणपण आलं. मखमल जर चिपमध्ये असती तर कारखाना जळल्यावर जगातली निम्मी मखमल गेली असती. चिपच्या नावावरून प्लेअर घेणं मला आता शाईच्या कंपनीवरून पुस्तक निवडण्यासारखं वाटतं. आणि ब्लूटूथचे इअरफोन लावले तर प्लेअरमधला डॅक कामालाच लागत नाही. आवाज आकड्यांच्याच रूपात हवेतून जातो, त्याची लहर होते ती कानाजवळ, इअरफोनमधल्या चिपमध्ये. प्लेअरमधली मानाची चिप तेव्हा खिशात झोपलेली असते. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी पहिला रकाना खोडला.

दुसरा रकाना बिट आणि किलोहर्ट्झचा. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतची कंपनसंख्या त्यातून पकडता येते, म्हणजे २२,०५० हर्ट्झ. माणसाचा कान लहानपणी, सगळं ठणठणीत असताना, २०,००० पर्यंत जातो. मग २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ कशाला? रेकॉर्डिंग करताना, मिक्सिंग करताना जादा बिट उपयोगी पडतात, ते खरं. ऐकताना मात्र फाइल सीडीच्या साडेसहापट होते आणि वरचा भाग वटवाघळांसाठी राहतो. आमच्या घरी वटवाघूळ नाही.

एक रकाना मात्र कामाचा निघाला, ज्याकडे मी आधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं: आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे इअरफोनच्या भोकाशी प्लेअरचा स्वतःचा विजेला होणारा रोध. इअरफोनचा रोध प्लेअरच्या या रोधाच्या किमान आठपट असावा, असा ढोबळ नियम आहे. माझे इअरफोन १६ ओहमचे, म्हणजे प्लेअर २ ओहमच्या आतला हवा. तसा नसला तर ज्या इअरफोनचा रोध सुरागणिक बदलतो त्यांच्यात खर्ज किंवा तार सप्तक आपोआप कमीजास्त होतं, आणि माणूस दोष गायकाला देतो. उलट ३०० ओहमचे मोठे हेडफोन असतील तर त्यांना व्होल्टेज जास्त लागतं, आणि विटेसारख्या प्लेअरचा खरा उपयोग तिथे. माझ्या चिमुकल्या इअरफोनना ती वीट लावली असती तर शांत जागी मागे बारीक सूं ऐकू आलं असतं. सरसकट 'पॉवर जास्त ते चांगलं' म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

याच्याच शेजारी कुठल्याही कोष्टकात नसणारी एक गोष्ट: आवाजाच्या पायऱ्या. काही प्लेअरमध्ये शून्य ते तीस एवढ्याच असतात, आणि रात्री अंधारात पहिली पायरीच मोठी वाटते. शून्य म्हणजे मुकं, एक म्हणजे दारात उभं राहून हाक मारल्यासारखं. शंभर-सव्वाशे पायऱ्यांचा प्लेअर असला की हळू ऐकता येतं. आणि हळू ऐकणं हे माझ्या वयात नुसतं आवडीचं राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. तीन डेसिबल वाढवले की वेळ निम्मा, २० तास. कान एकदा गेले की कोष्टकातल्या एकाही रकान्याला अर्थ राहत नाही.

तरीही मन मानत नव्हतं. फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता लहान केलेली फाइल, एमपीथ्री म्हणजे काही भाग टाकून आणखी लहान केलेली. या दोन्हींमधला फरक आपल्याला कळतो, अशी माझी अनेक वर्षांची समजूत होती. भाच्याने ती एका दुपारी मोडली.

त्याने माझ्याच संग्रहातलं एक गाणं घेतलं, फ्लॅकमधलं, आणि त्याची ३२० केबीपीएसची एमपीथ्री केली. लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम असतो: अ ऐका, ब ऐका, मग क्ष ऐका आणि सांगा क्ष म्हणजे अ की ब. सोळा फेऱ्या. योगायोग म्हणून सोडून देता येऊ नये इतपत खात्री हवी तर सोळापैकी बारा तरी बरोबर यायला हवेत. मी डोळे मिटून, मान कलती करून, अगदी मैफिलीत पहिल्या रांगेत बसल्यासारखी ऐकत होते. सहाव्या फेरीला मी त्याला म्हणालेसुद्धा, की हा बघ, इथे श्वास जास्त स्वच्छ येतोय.

सोळापैकी नऊ.

"नाणं उडवलं असतंस तर आठ आले असते," तो म्हणाला. "एकाने जास्त आहेस."

मग त्याने आणखी एक खोडी केली. दोन प्लेअरची तुलना करू म्हणाला आणि पाठोपाठ दोन तुकडे ऐकवले. दुसरा मला स्पष्टपणे आवडला. मोकळा होता, भरदार होता, वाद्यं सुटी सुटी ऐकू येत होती. हे सगळं मी मोठ्याने बोलून दाखवलं, म्हणून आता नाकारता येत नाही. दोन्ही तुकडे एकाच प्लेअरचे होते. दुसऱ्यांदा त्याने आवाज इवलासा वाढवला होता. वाढला हे कळू नये इतकाच. मोठं ते चांगलं असं कान ठरवून टाकतो आणि वर कारणंही देतो. म्हणून तुलना करायची तर दोन्हींचा आवाज यंत्राने मोजून सारखा करावा लागतो. नुसत्या अंदाजाने जमत नाही.

माझ्या बाजूने एवढंच सांगते, की यात मी एकटी नाही. ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. हाय-रेझोल्यूशन रेकॉर्डिंग एकदा तसंच आणि एकदा सीडीच्या मापात दाबून ऐकवायचं, आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर आली. तेही नाणंच.

शेवटी भाच्याने ६४ केबीपीएसची फाइल लावली, एका जिवंत मैफिलीच्या अखेरच्या टाळ्यांची. ती मात्र मी पहिल्या सेकंदाला पकडली. टाळ्यांना पाणी लागलं होतं. शेकडो हातांचा सुटा आवाज एकमेकांत विरघळून नळाखालच्या बादलीसारखा येत होता. टाळ्या हे अशा फाइलींचं अवघड जागचं दुखणं. एमपीथ्रीची सगळी मदार एका गोष्टीवर आहे, की मोठ्या सुराच्या आडोशाला असलेला लहान सूर आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून तो टाकून दिला तरी चालतो. जर्मनीत एरलांगनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वर्षानुवर्षं घोटलं. वाद्यांशिवाय गायलेलं एका गायिकेचं गाणं सुरुवातीला इतकं वाईट निघालं, की तेच त्यांनी कसोटीला लावलं आणि पुन्हा पुन्हा ऐकून दुरुस्त्या केल्या. एकट्या गळ्याला आडोसा नसतो. लपवाछपवी करायला जागाच नाही. टाळ्यांमध्येही तसंच. तिथे प्रत्येक आवाज क्षणाचा, आणि सगळे एकाच मापाचे.

त्या दुपारची अखेर अशी, की भाच्याने १६,००० हर्ट्झचा सूर लावला आणि तो कान दाबून ओरडला. मी विचारलं, "लावलास का?"

त्यानंतर माझा पक्ष सोपा झाला. घरच्या डिस्कवर सगळं फ्लॅकमध्येच ठेवायचं, कारण फ्लॅक उलगडलं की मूळ जसंच्या तसं, बिटला बिट परत मिळतं आणि त्यातून पुढे हवी ती प्रत काढता येते. एमपीथ्रीची एमपीथ्री करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. खिशात न्यायची ती मात्र एमपीथ्री. १२८ जीबीच्या कार्डावर ३२० केबीपीएसची चार-चार मिनिटांची तेरा हजारच्या आसपास गाणी मावतात. अखंड लावली तर ३६ दिवस. मला रात्रीच्या फेरीला चाळीस मिनिटं लागतात.

आवाज इथे निकालात निघाला. अकराही प्लेअर माझ्या कानाला पुरेसे होते. मग निवडायचं कशावरून?

कोष्टकात मिलिमीटरचे रकाने होते: लांबी, रुंदी, जाडी. एका संध्याकाळी मी जुने पुठ्ठे काढले, पट्टी घेतली आणि त्यातल्या सहा प्लेअरच्या मापाचे तुकडे कापले. जाडीसाठी थरावर थर चिकटवले. फोटोत बटणं जिथे दिसत होती तिथे सदऱ्याची जुनी बटणं डकवली. भाचा आला तेव्हा टेबलावर सहा पुठ्ठे ओळीने वाळत होते. तो काही बोलला नाही. मोबाइल काढून त्याने फोटो तेवढा काढला.

पुढचा आठवडाभर मी रोज एक पुठ्ठा खिशात टाकून फिरायला गेले. लोकांना इअरफोन दिसत होता. त्याची वायर पुठ्ठ्यात खोचलेली आहे हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. विटेच्या मापाचा पहिल्याच दिवशी बाद झाला. त्यात मी वजनासाठी नट-बोल्ट भरले होते, आणि खिसा प्रत्येक पावलाला मांडीवर आपटत होता. सर्वांत छोटा दुसऱ्या दिवशी बाद झाला, कारण त्याची पाच बटणं एका वर्तुळात इतकी खेटून होती, की अंगठा ठेवला की तीन दाबली जात. ज्यांना कडेला बटणंच नव्हती, सगळा कारभार टचस्क्रीनवर, त्या दोन पुठ्ठ्यांवर अंगठा नुसता घसरत राहिला. गुळगुळीत पुठ्ठ्यावर 'पुढचं गाणं' कुठे असतं? सगळीकडे आणि कुठेच नाही.

पुठ्ठ्यांनीच मला उलगडून दाखवलं, की या यंत्रांच्या इतिहासात अंगठ्याने बऱ्याचदा निकाल दिलेला आहे. सोनीचा पहिला वॉकमन, १ जुलै १९७९ चा, त्याची मुख्य बटणं कडेला होती, खटका बसणारी, आणि वर एक केशरी बटण: ते दाबलं की गाणं मंद व्हायचं आणि छोट्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. दोघांनी ऐकायचं म्हणून हेडफोनला भोकंही दोन होती. आयपॉडचं चाक तर अंगठ्यासाठीच घडवलेलं. पहिल्या आयपॉडमध्ये ते खरंखुरं फिरायचं. आणि माझा सर्वांत लाडका दाखला आयपॉड शफलचा. २००९ मध्ये त्याच्या अंगावरची सगळी गाण्याची बटणं काढून इअरफोनच्या वायरवर नेली. दिसायला काय देखणा झाला! नुसती धातूची पट्टी. एकदा दाबलं की थांबणार, दोनदा दाबलं की पुढचं, तीनदा दाबलं की मागचं. दुसरे इअरफोन लावायचे तर आपल्या मर्जीने लावता येईनात. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, बटणं मुकाट्याने अंगावर परत आली. एवढ्या मोठ्या कंपनीला अंगठ्यापुढे माघार घ्यावी लागली, हे वाचून मला परक्याच्या लग्नात नाचावं तसा आनंद झाला.

तिसऱ्या आकाराच्या पुठ्ठ्यावर, चौथ्या दिवशी, चालता चालता माझा अंगठा उजव्या कडेच्या मधल्या बटणावर जाऊन थांबला. मी ते दाबलंही. अर्थात काही झालं नाही, सदऱ्याचं बटण होतं ते. पण घ्यायचा कोणता हे ठरलं.

जो घेतला तो अँड्रॉइडवाला नाही. त्याला वायफाय नाही. सुरू व्हायला चार-पाच सेकंद लागतात. अँड्रॉइडवाल्या विटेला पूर्ण मिनिट लागतं आणि दिवसाअखेर ती चार्जिंगला बसते. शिवाय आतलं अँड्रॉइड जुनं झालं की अॅप एकेक करून रुसायला लागतात आणि धडधाकट यंत्र मोडीत निघतं. हा साधा आहे, म्हणून आठवडाभर चालतो. याचा अर्थ याच्यात खोडी नाहीत असा मात्र नाही.

पहिली खोड पहिल्याच रात्री कळली. अल्बममधली गाणी उलटसुलट क्रमाने वाजायला लागली: एक, सात, दोन, नऊ. शफल बंद होतं. झालं असं होतं, की साधे प्लेअर नावाचा किंवा क्रमांकाचा विचारच करत नाहीत. कार्डाच्या यादीत ज्या फाइलची नोंद आधी झाली ती आधी वाजवतात. आणि कॉपी करताना कॉम्प्युटरने नोंदी आपल्या सोयीने केल्या होत्या. यादी परत लावून देणारे छोटे प्रोग्राम मिळतात. नाहीतर एकेक गाणं हाताने, क्रमाने कॉपी करायचं. मी दोन्ही करून पाहिलं. हाताने करायला वेळ लागतो, पण तेव्हाच लक्षात येतं की अमुक गाणं आपण वर्षानुवर्षं वाहून नेतोय आणि एकदाही ऐकलेलं नाही.

दुसरी खोड देवनागरीची. मराठी नावं दिली तर स्क्रीनवर चौकोन आले नाहीत, एवढंच समाधान. अक्षरं आली, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन उभी, आणि जोडाक्षरं सुटून निम्म्या अक्षरांचे पाय मोडलेले. एखाद्या बाराखडीला ठेच लागावी तसं. प्रत्येक अक्षराचा ठरलेला आकडा ओळखता येणं वेगळं आणि ती जोडून नीट मांडता येणं वेगळं. दुसऱ्यासाठी प्लेअरमध्ये जास्तीचं डोकं लागतं, ते याच्यात घातलेलं नाही. जुन्या एमपीथ्री फाइलींची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या शेपटाला १२८ बाइटची एक चिठ्ठी असे, तिच्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट. युनिकोडच्या रूढ मांडणीत (यूटीएफ-८) एक मराठी अक्षर, काना-मात्रा वेगळी धरून, तीन बाइट खातं. म्हणजे दहाच्या आत काय ते नाव उरकायचं. पुढे ही मर्यादा गेली, पण माझ्याकडे अशा अर्ध्या नावांच्या फाइली अजून आहेत आणि काहींचं पूर्ण नाव मी विसरून गेलेय.

तिसरी खोड मी घेण्याआधीच तपासली होती, कारण तिथे मी तडजोड करत नाही. मैफिलीचं रेकॉर्डिंग तुकड्यांत कापलेलं असतं, आणि एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना काही प्लेअर मधे छोटासा खड्डा पाडतात. टाळ्या पडत असतात, मधेच पूर्ण शांतता, पुन्हा टाळ्या. सगळं सभागृह एका क्षणात मेल्यासारखं वाटतं. एमपीथ्री बनवताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी कोरी जागा लागते. ती किती हे फाइलीत लिहून ठेवता येतं आणि शहाणा प्लेअर ती बरोबर ओलांडतो. हा ओलांडतो. वेलांटीचं नाही जमलं तरी एवढं जमतं, म्हणून त्याला मी बाकीचं माफ केलं.

पुठ्ठे मी टाकले नाहीत. भाच्याने तो फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आहे, 'मावशीचे सहा प्लेअर' असं लिहून, आणि बहीण अजून विचारते की सहा कशाला.

नव्या प्लेअरवर पुढचं गाणं मधल्या बटणावर आहे. जुन्यावर ते वरून दुसरं होतं. मधे अर्ध्या पेराचाही फरक नाही, पण आता जुन्या जागी आवाज वाढवायचं बटण आलंय. पहिले आठ-दहा दिवस नको असलेलं गाणं लागलं, की माझा अंगठा जुन्या जागी जायचा आणि ते गाणं आणखी मोठ्याने वाजायला लागायचं. मी रस्त्यात थांबायचे, प्लेअर बाहेर काढायचे, बघून दाबायचे. परवा पाऊस होता. एका हातात छत्री, दुसरा खिशात, वळणावर साचलेल्या पाण्याकडे लक्ष. पाणी ओलांडून पलीकडे गेले आणि मग जाणवलं, की मघाचं कंटाळवाणं गाणं केव्हाच संपलंय, दुसऱ्याचा पहिला अंतरा चाललाय.